टेबलाखालची सही

बालाघाट
दि. ९ नोव्हेंबर २०२३

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. अंकितनं पाकिटावर गल्लीचं नाव चुकवलं होतं, पोस्टमन दोन दिवस मागच्या मोहल्ल्यात ललिता मॅडम कोण म्हणून विचारत फिरला. तुझ्या लेकाले सांग, आईचं पत्र टाकताना मोबाइल खाली ठेवत जाय. तुझे कान कसे आहेत? तो म्हणत होता का आता डाव्या कानानंही काही ऐकू येत नाही. फोनवर मी इकडून ओरडते, तू तिकडून हौ हौ म्हणते, आणि मले समजते का तुले काहीच समजलं नाही. त्यापेक्षा आपलं हे पत्र बरं. तुले नागपूरले नेऊन कानाची मशीन बसवायचं मी मागच्या वर्षापासून म्हणून राह्यली, घराच्या कामात ते राहूनच गेलं. होईल आता.

इकडे सगळं ठीक. ह्यांचे गुडघे आहेत तसेच आहेत, पण रिटायर झाल्यापासून बोलणं दुप्पट झालं. कामवालीले कसं झाडायचं तेही शिकवतात. ती बिचारी माझ्याकडे पाहते, मी भिंतीकडे पाहते.

मोठी बातमी म्हणजे श्रुतिकाचं जवळपास जमलं. मुलाचं नाव रजत, नागपूरले तिच्याच ऑफिसात आहे. दोघांनीच जमवलं, आपल्याले फक्त कळवलं. माणसं आपलीच आहेत, गोंदियाचे मेश्राम. वडील रेल्वेतून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, आई बँकेत होती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. दहा डिसेंबरले, रविवारी, ते आपल्याकडे येऊन राह्यले. तुले यायचंच आहे. आईच्या जागी आता तूच.

आता माझी डोकेदुखी ऐक. घर नवीन, हॉल मोठा, सोफा आला, पडदे आले, पण मधात जागा खाली. मेश्राम साहेबांना जुन्या वस्तूंचा भारी शौक. त्यांच्या हॉलमध्ये रेल्वेचे कंदील, पितळी कुलपं, एक माणसाएवढं घड्याळ, सगळं मांडून ठेवलं आहे आणि कोणती वस्तू कोणत्या राजाच्या घरून आली ते ते एकेक करून सांगतात. तेव्हापासून श्रुतिकानं माझ्यामागे लावलं, आई, आपल्याकडेही मधात एक अँटिक पाहिजे, बैठं कॉफी टेबल. मी म्हटलं, आपल्या घरात कॉफी पिते कोण? तर म्हणे, चहाच ठेव ना, पण टेबल कॉफीचंच म्हणतात.

तर पंधरा दिवस मी टेबलच पाहून राह्यली. इथल्या दुकानात अँटिक म्हटलं तर दुकानदार म्हणे, "मॅडम, पुराना क्यों, नया लीजिए, पाँच साल की गारंटी." गोंदियाले एक संगमरवरी होतं, ते चार माणसांशिवाय उचलत नाही. मग नागपूरचं एक दुकान गाठलं. त्यानं एक काळं टेबल दाखवलं, शंभर वर्षं जुनं, कोण्या मालगुजाराच्या घरचं. मी वाकून वास घेतला तर ताज्या पॉलिशचा. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, तर भुंग्याची भोकं सगळी एका मापाची आणि एका रांगेत. हे म्हणाले, "काय हो, भुंग्यानं पट्टी लावून पाडली काय?" दुकानदार पाणी आणतो म्हणून आत गेला तो आलाच नाही.

परत येताना गाडीत मले आपली बैठी चौकी आठवली. बाबाची. खाणीत आधाराले लावत ते सरईच्या लाकडाचे खांब निकामी झाले, का बाबानं त्यातून लाकूड निवडून केलेली. साठ वर्षं तर झालीच असतील. तिच्याहून अँटिक आणखी काय पाहिजे? श्रुतिकाले मी सगळं सांगितलं, भरवेलीच्या क्वार्टरमध्ये बाबा ड्युटीवरून आले का खाणीतल्या माणसांना याच चौकीवर सही शिकवत, आणि ज्याले डोळे मिटून सही जमली त्यानं चौकी उलटी करून खिळ्यानं आपलं नाव खाली कोरायचं, बाबानंही उशिरा शिकून तसंच कोरलेलं. ती म्हणे, आई, हे तर म्युझियममध्ये ठेवायचं सामान आहे.

मागायला जीभ रेटत नाही. आई शेवटपर्यंत तुझ्याजवळ राह्यली, चौकीही तुझ्याजवळच. पण तूच म्हणाली होती का आता खाली बसणं होत नाही आणि सून तिच्यावर पापड वाळवते. आमच्याकडे ती मानानं राहील. रविवारची वंदना तिच्यासमोरच करू. वरून थोडं पॉलिश करून घेईन. खालच्या बाजूले सुताराले हात लावू देणार नाही, नावं आहेत तशी राहतील, हे वचन.

तू नाही म्हटलं तरी राग नाही.

तुझी धाकटी,
ललिता


बालाघाट
दि. १९ डिसेंबर २०२३

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. कटंगीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली हे वाचून बरं वाटलं, नाही तर मले काळजीच होती. तू आणलेल्या चिन्नोरचा भात मेश्राम बाईंनी दोनदा वाढून घेतला. बाकी पाहुण्यांपुढे मी एवढं रांधलं, पनीर केलं, कोफ्ते केले, आणि नाव झालं तुझ्या तांदळाचं. त्यांना एक पिशवी पाठवायची आहे, अंकित येईल तेव्हा त्याच्याजवळ दे.

साक्षगंधाची तारीख धरली, एकवीस जानेवारी, रविवार. इथेच, घरी. छतावर मंडप टाकू, खाली हॉलमध्ये बायका. तुझ्यासाठी साडी घेतली आहे, निळी, बारीक काठाची. तुले हिरवी पाहिजे असेल तर आताच कळव, दुकानदार बदलून देईन म्हणे. श्रुतिका ठीक आहे, सध्या घरूनच ऑफिसचं काम करते, थोडी चिडचिड करते. थंडीनं असेल.

ह्यांनी गुडघ्याले नवीन तेल आणलं. सगळ्या घराले त्याचा वास. मेश्राम साहेबांचा परवा फोन आलता तर ह्यांनी त्यांनाही तेलाचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, कसं चोळायचं तेही सांगितलं. मी बाजूला बसून कपाळाले हात लावला.

तू विचारलं का त्या दिवशी मेश्राम साहेबांनी चौकी उलटी केली तेव्हा मी आईबद्दल काय सांगितलं. तू लिहिलं, "तुह्यं बोलणं मले ऐकू नाही आलं, पण व्याह्याचं बोट आईच्या नावावर होतं अन् तू बोलून राह्यलती, हे म्या पाह्यलं. माह्या डोयात पाणी आलं. काय सांगतलं ते लिहून पाठव." काय सांगणार ताई, साधंच. अशा वेळी माणूस बोलते तेवढंच. चहा थंड होऊन राह्यलता, सगळे एकदम बोलत होते, शब्द न् शब्द आता मलेही आठवत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते. साक्षगंधाच्या दिवशी चौकीचा विषय आपण काढू नये. गर्दी राहील, उलटी-सुलटी करताना कोणाच्या पायावर पडली तर शुभ कार्यात नसता ताप. आणि तू हॉलमध्ये बसून दमशील. आवाजानं तुझं डोकं दुखते. आतल्या खोलीत तुझ्यासाठी पलंग लावून ठेवते, मेश्राम बाई तिथेच येऊन तुले भेटतील.

मफलर विसरून गेली तू. धुऊन ठेवला आहे. सर्वांना जयभीम सांग.

तुझी,
ललिता


बालाघाट
दि. ४ जानेवारी २०२४

प्रिय ताई,
जयभीम.

काल अंकित येऊन तुझं पत्र आणि खिळा देऊन गेला. तो चहाले थांबत होता, मीच थांबवलं नाही. त्याले वाईट वाटलं असेल तर माझ्या वतीनं समजाव.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "साधंच म्हणजे काय? तू तीस वर्षं मास्तरीण होती, तुले पोरायचं सगळं आठवे. मले शब्द पाह्यजेत. रविवारी विहारात बाया जमतीन, त्यायले वाचून दाखवतो. आईले एवढ्या मोठ्या माणसानं इचारलं, हे आपल्या गावात कोणाले माहीत नाही. अन् हा बाबाचा खिळा, व्याह्याले दाखव."

हे पत्र विहारात वाचू नको. आधी एकटी वाच. अंकितले नको देऊ, सुनेले नको. मग तुले जे करायचं ते कर, विहारात वाचलं तरी मी काही म्हणणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं का शब्द आठवत नाहीत. खोटं आहे. त्याच्या आधीच्या पत्रात लिहिलं का रविवारची वंदना चौकीसमोर करू, तेही खोटं निघालं. एकाही रविवारी झाली नाही. चौकी आली तशी मी तिच्यावर काच बसवून घेतली, चार कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकून घेतल्या, वर दोन मासिकं ठेवली. तू आली तेव्हा काचेवरून हात फिरवत होती आणि म्हणाली, "बाबाची चौकी लय साजरी दिसून राह्यली." तेव्हाच खरं तर मले समजायला पाहिजे होतं का मी काय करून बसली.

आता त्या दिवसाचं सांगते.

चहाच्या आधी मेश्राम साहेबांनी काचेखालून लाकूड पाहिलं. हे बाहेर त्यांच्या ड्रायव्हरले नाश्ता द्यायला गेले होते. साहेब म्हणाले, "विहीणबाई, हे टेबल तर अस्सल आहे. कुठून मिळवलं?" त्यांच्या घरची ती घड्याळं, ते कंदील माझ्या डोळ्यांपुढे आले. प्रत्येकाले एक राजा, एक वाडा. मी बाबा म्हणणार होती, ताई, खरंच म्हणणार होती. तोंडातून निघालं, "नागपूरच्या दुकानातून घेतलं. कोण्या मालगुजाराच्या घरचं आहे म्हणे." तो खोटारडा दुकानदार, ज्याले आम्ही गाडीत हसत आलो होतो, त्याचंच वाक्य मी उचललं.

तिथे थांबलं असतं तरी ठीक होतं. पण साहेब म्हणाले, जुनी वस्तू खालून पाहायची असते. काच बाजूला काढली, रजतनं एक बाजू धरली, साहेबांनी दुसरी, आणि चौकी उलटी केली. सुताराले मी हात लावू दिला नव्हता, तेवढं एक वचन पाळलं होतं. सगळी नावं जशीच्या तशी. साहेबांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि एकेक वाचायला लागले. पुनाराम. भैयालाल. महागू. तिसरं नाव आपल्या बाबाचं. त्यांनी विचारलं, "मालगुजाराच्या टेबलाखाली ही नावं कोणाची?"

मी म्हटलं, "त्यांच्या घरच्या नौकरांची असतील."

साहेब खुश झाले, ताई. म्हणाले, "काय हिंमत पाहा. मालकाच्या टेबलाखाली आपलं नाव लिहून ठेवलं." त्यांनी रजतले जवळ बोलावून दाखवलं. मग त्यांचं बोट आईच्या नावावर आलं. तुले माहीतच आहे, ते कडेले आहे, 'दा' तिरपा गेलेला, आणि 'ई' ले जागा उरली नाही म्हणून ती अर्धी पायावर चढलेली. साहेब म्हणाले, "बाईचं नाव एकच आहे. ही गोदाबाई कोण असेल हो?"

आणि मी म्हटलं, "असेल कोणी, भांडेवाली."

हे ते शब्द. तू मागितले होते.

भांडेवाली म्हटल्याचं मले एवढं नाही लागत. आई भांडेवालीच होती. खाणीच्या साहेब लोकांच्या बंगल्यावर तिनं जन्मभर भांडे घासले, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि तिनं कधी लपवलंही नाही. मले लागते ते 'असेल कोणी'. माझी आई 'कोणी'. माझ्या नवीन हॉलमध्ये, माझ्या तोंडानं.

याच्याहूनही वाईट एक आहे, ते लिहिलं नाही तर हे पत्र पुन्हा खोटंच होईल. बोलण्याच्या आधी मी तुझ्याकडे पाहिलं. तू समोरच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. तुले ऐकू येत नाही हे पक्कं करून घेतलं आणि मग बोलली. तुले ऐकू येत असतं तर माझी हिंमत झाली नसती. आणि तू काय केलं? तुले दिसलं का व्याही आईचं नाव वाचून राह्यले आणि मी काही सांगून राह्यली. तू हसली, आणि त्यांच्याकडे पाहून हात जोडले. साहेबांनीही जोडले. त्यांना वाटलं म्हातारी माणसं जोडतात तसे.

संध्याकाळी बस स्टँडवर तू मले विचारलं, "आईचं सांगतलं ना?" मी म्हटलं, "हौ." तू माझ्या गालाले हात लावला. बस सुटल्यावर मी तिथल्याच बाकड्यावर बसली. पाणीपुरीवाला विचारून गेला, मॅडम, तबियत ठीक नहीं क्या.

तुझी मशीन. मागच्या वर्षापासून मी म्हणते, नेते, नेते. घराच्या कामात राहून गेलं असं तुले लिहिलं. घराचं काम तर केव्हाच संपलं होतं, पडदे आणायला मी दोनदा नागपूरले जाऊन आली.

एक आठवण सांगते, तुलेही असेल, पण तू तेव्हा सासरी गेली होती म्हणून अर्धीच असेल. आईले सही शिकवायला तूच बसली होती, दोन वर्षं. आई कंटाळे, राखेचे हात तसेच पाटीवर ठेवे, म्हणे मले काय करायचं, अंगठा आहे ना. बाबा काही म्हणत नसत. तुझं लग्न झालं आणि तू गेल्यावर तिनं आपल्या मनानं सुरू केलं. मग एका दुपारी तिनंच चौकी उलटी केली, डोळे मिटले आणि खिळा धरला. बाबा उभे राहून पाहत होते. मी म्हटलं, आई, जागा संपून राह्यली, ती म्हणे, बोलू नको, मग चुकते. म्हणून ती 'ई' पायावर गेली.

पुढच्याच महिन्यात माझा कॉलेजच्या होस्टेलचा फॉर्म भरायचा होता. बाबा दवाखान्यात होते. ऑफिसातल्या बाबूनं शाईचा डबा पुढे सरकवला, बाई पाहून. आईनं तो डबा उचलून बाजूला ठेवला आणि पेन मागितला. सगळं ऑफिस पाहत होतं. तिनं तिथेही डोळे मिटले होते, ताई, सवयच तशी लागली होती. बाबू म्हणे, आँख खोल के लिखो. ती म्हणे, ऐसेच आता है. त्या सहीवर मी शिकली, त्या सहीवर मी मॅडम झाली, तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना अक्षर गिरवायला लावलं, आणि तीच सही पाहून मी म्हटलं, असेल कोणी.

श्रुतिका तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पाहुण्यांना तिनं चहा दिला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तुले थंडीचं कारण लिहिलं. काल अंकित गेल्यावर तिनं टेबलावरचा खिळा पाहिला, तुझं पत्र वाचलं आणि मले विचारलं, "मावशीले तू सांगते का मी सांगू?" एवढंच. आवाजही चढवला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी मेश्राम साहेबांना फोन लावला. हे बाजूला होते, ह्यांना पण तोवर काही माहीत नव्हतं. मी उभ्यानंच बोलली. म्हटलं, ते टेबल दुकानातलं नाही. महागू माझे बाबा, भरवेलीच्या खाणीत होते. पुनाराम, भैयालाल, त्यांच्यासोबतचे. गोदाबाई माझी आई. तुम्ही विचारलं तेव्हा मी ओळख नाही दाखवली. तुमच्या घड्याळांपुढे मले माझे आईबाप कमी वाटले.

मग ते म्हणाले, "माझे बाबा शेवटपर्यंत अंगठाच देत होते. त्यांच्या हातचं एक अक्षर माझ्याजवळ नाही. म्हणून मी दुसऱ्यांच्या वस्तू जमवतो." मग म्हणाले, "तारीख तीच राहू द्या. पण तुमच्या मोठ्या बहीण तिथे बसल्या होत्या, त्यांनी मले हात जोडले होते. त्यांना हे सांगितलं का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग आधी ते करा." आणि फोन ठेवला.

ह्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं. नेहमी दुसऱ्यांना शिकवणारा माणूस, स्वतः उठून आत गेले आणि पक्कड घेऊन आले. आम्ही दोघांनी पितळी पट्ट्या काढल्या. काच काढून मागच्या भिंतीले टेकवून ठेवली. खिळ्यांची आठ भोकं राह्यली आहेत, ती आता जाणार नाहीत. तुले दिसतील, म्हणून आधीच सांगते.

ताई, मले माफ कर असं लिहायला पेन उचलला होता, पण ते सोपं वाटते. माफी आईची आहे आणि ती देऊन तू मोकळी होणार, मी मोकळी होणार, असं नको. तू चिड. मले फोन करून शिव्या दे, मी ऐकीन, तुले माझं ऐकू नाही आलं तरी चालेल. आणि सोमवारी मी तुले घ्यायला येऊन राह्यली, तू बोल की नको बोलू, नागपूरले कानवाल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तेवढ्यापुरतं माझ्यासोबत गाडीत बस. मागच्या सीटवर बसली तरी चालेल.

एकवीस तारखेले सगळ्यांपुढे चौकी उलटी करून मी आईचं नाव वाचणार आहे, आणि ती कोण ते सांगणार आहे. तू आली तरी, नाही आली तरी. आतल्या खोलीतला पलंग मी काढून टाकला. आली तर हॉलमध्ये, मधात, माझ्या समोर बस. मशीन तोवर नाही जमली तर माझ्या तोंडाकडे पाह्य. मी हळू बोलीन.

बाबाचा खिळा याच पाकिटात कागदात गुंडाळून परत पाठवून राह्यली. उघडताना बोट सांभाळ. व्याह्याले तो दाखवायचा तर तुझ्या हातानं दाखव, मी दाखवू शकत नाही.

तुले आठवते का, आपल्या दोघींची नावं चौकीखाली नाहीत. लहानपणी मी त्याच्यासाठी एकदा जेवली नव्हती. बाबा म्हणाले, "तुले शाळेत आलं ना. हे खाली त्यायचं आहे, ज्यायले उशिरा आलं." मले तेव्हा त्यांचा राग आलता.

मले आता सत्तावन्नाव्या वर्षी आईचं नाव सांगता आलं. तुले वाटलं का हे उशिरा आल्यात बसते, तर येताना खिळा घेऊन ये. आईच्या नावाच्या बाजूला जागा नाही, मी दुसऱ्या पायावर कोरीन, डोळे मिटून. नाही वाटलं, तर तो तुझ्याजवळच राहू दे, मी कधी विचारणार नाही.

तोवर या पत्राखाली सही करत नाही.

गोदाबाईची धाकटी